नदीच्या माशांनी दिलेला समुद्राचा दाखला

स्वस्ति श्री! जलपरीक्षाधुरंधर, दुर्गंधदमनमार्तंड, मत्स्यकुलप्रतिपालक, कर्जत-खालापूर-उभयतालुका-सांडपाणीविचक्षण, कळंबग्रामभूषण श्रीमान यशवंत भिकाजी जाधव ऊर्फ तात्या पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. एवढ्या बिरुदावलीतले 'ऊर्फ तात्या' तेवढे त्यांना मान्य आहे.

चौक गावाजवळच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मी पत्रलेखनिक म्हणून रुजू झालो, तेव्हा तात्या तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते. प्रथमदर्शनी ते एका काचेच्या टाकीपुढे उकिडवे बसलेले आढळले. शुद्ध केलेले पाणी नदीत सोडण्यापूर्वी त्या टाकीतून जाई आणि टाकीत नदीतलेच मासे पोहत. पाणी सोडण्यायोग्य असल्याच्या दाखल्यावर मी सही मागितली.

"यंत्र काय म्हंतंय ते वाचलं. आता मासा काय म्हंतोय ते बघू दे रं," तात्या म्हणाले.

एकदा एक मासा उलटा झाला, तर वरिष्ठांचा रोष पत्करून त्यांनी दिवसभर झडप बंद ठेवली. मला कावीळ झाली, तेव्हा महिनाभर पथ्याचा डबा त्यांच्या घरून आला. त्यात मासा कधी नसे.

पुढे ते पाणी नदीऐवजी नळाने थेट समुद्रात सोडण्याचे ठरले. नदीकाठची गावे हर्षभरित झाली. तात्यांनी नेहमीप्रमाणे टाकी पाहिली. मासे ठणठणीत होते. त्यांनी सही केली. त्यावर मी 'रत्नाकर सर्वंसह आहे' हे वाक्य चढवले. नदीचे मासे समुद्राच्या वतीने साक्ष देत आहेत, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आले नाही.

नदीचा वास गेला. उन्हाळ्यात तिचे पाणीही जाऊ लागले. निवृत्तीनंतर तात्या मला घेऊन नळाच्या मुखाशी गेले. ओहोटी होती. शिंपल्या वेचणाऱ्या एका मावशींनी रिकामी टोपली आमच्यापुढे उपडी केली. पाणी स्वच्छ असल्याचे मी सप्रमाण सांगू लागलो.

"साफ हाय रं बाबा, पण गोडं हाय! आमच्या शिंपल्यांना खारं लागतं. तुला रोज अळणी जेवाया घातलं तर जगशील?"

तात्यांनी हात जोडले. "चूक माझी हाय, बाय. सही माझी हाय."

सहीवरचे वाक्य माझे होते.

तेव्हापासून तात्यांचा एकच आग्रह आहे: नळाच्या मुखाशी टाकी बसवा, समुद्राच्या पाण्यात आपले पाणी मिसळा, त्यात शिंपल्या ठेवा आणि त्या मरू लागल्या तर झडप बंद करा. अर्ज मीच लिहितो. हल्ली साध्या मराठीत. उत्तर आलेले नाही. तात्यांना निरामय आयुष्य लाभो आणि ते त्या उत्तराच्या प्रतीक्षेहून दीर्घ ठरो!

केंद्राने मोडीत काढलेली ती जुनी टाकी तात्यांनी 'दोन दिवसांसाठी' माझ्या दारात ठेवली, त्यास दोन वर्षे झाली. हलवू का, असे विचारले की म्हणतात, "असू दे रं. लागंल." दार अर्धेच उघडते. गॅसवाला सिलिंडर रस्त्यावरच ठेवून जातो.