बंदर आणि डोंगर

आत्याबाई आमच्यापैकी कुणाच्याच आत्या नव्हत्या. बारशाला नाव आत्याने ठेवायचं, आणि अलिबागच्या आमच्या विमा कचेरीत मेनफ्रेमवर चढणाऱ्या प्रत्येक डेटाबेसचं नाव त्या ठेवत, म्हणून त्या आत्याबाई. मुलांनो, मेनफ्रेम म्हणजे सगळ्या शाखांच्या नोंदी एकत्र सांभाळणारा एकच भलामोठा संगणक.

त्या पेणकडच्या मिठागरवाल्या घरातल्या. नवं नाव देण्याआधी आधीच्या सगळ्या नावांची वही मोठ्याने वाचून काढायच्या. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "डोळा चुकतो, बाय. कान न्हाय चुकत." एकच नाव दोघांना गेलं की यंत्र दुसऱ्याला उभंच करत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

मुरुड आणि म्हसळा या दोन शाखांच्या नोंदी आमच्याकडे आणायच्या ठरल्या, तेव्हा दिल्लीहून एक साहेब आले. जमलं नाही तर आमचं खातं बंद करून सगळं काम तिकडे न्यायचं, असा वरचा हुकूम होता. साहेबांनी गावाचं पहिलं इंग्रजी अक्षर घेतलं. मुरुडचं एम. म्हसळ्याचंही एम. मुरुड उभं राहिलं, म्हसळा अडलं. मग त्यांनी म्हसळ्याला एमएच केलं, तर ते नाव अख्ख्या महाराष्ट्राच्या नोंदींना आधीच दिलेलं. पुन्हा अडलं. वरून तीनच प्रयत्नांची परवानगी होती. आता एकच संधी उरली होती, आणि खात्यातले आम्ही सातजण एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

आत्याबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आमच्या गावात पाच नामदेव हायत, साहेब. त्यांना अक्षरानी कोण वळखतो? घर कुठं, ते इचारतात." मुरुड समुद्रावर, म्हणून आधीचं एम खोडून त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं बंदर. म्हसळा आत डोंगराळ भागात, म्हणून डोंगर.

साहेबांनी हिंदीत विचारलं, इथे माकडाचा काय संबंध?

"तुमच्याकडं असंल माकड. आमच्या बंदराला होड्या लागतात."

मग वही पहिल्या पानापासून वाचली गेली. या वेळी साहेबही ऐकत बसले. दोन्ही नावं कुठेच नव्हती. आत्याबाईंनी यंत्राला आज्ञा दिली. बंदर उभं राहिलं. मागोमाग डोंगरही उभा राहिला. एकाही विमेदाराची नोंद हरवली नाही. काम अलिबागलाच राहावं, असं साहेबांनी अहवालात स्वतःच लिहिलं.

आत्याबाई निवृत्त होऊन गावी गेल्या, मागच्या वर्षी मीही घरी बसले. खातं मात्र आहे तिथेच आहे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की आजही पडद्यावर आधी बंदर जागं होतं, मग डोंगर.