नातेवाईक म्हणून गप्प

आमच्या दुकानात पाइप, मोटारी आणि फवारणीचे पंप मिळतात आणि माडीवर मी मिळते. वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूत कुणी माझा पत्ता विचारला तर लोक असाच सांगतात. बाबा गल्ल्यावर बसतात. गिऱ्हाईक विचारतं, "पोरगी घरीच हाये काऊन?" बाबा म्हणतात, "घरूनच काम करते. फारेनच्या सरकारचं." मग गिऱ्हाईक विचारतं, काम म्हणजे नेमकं काय, आणि इथे बाबांची गाडी अडते. ते वर बोट दाखवून म्हणतात, "तिलेच इचारा ना." वर मात्र कुणी येत नाही.

तर सांगते. मी अर्थतज्ज्ञ आहे. श्रीमंत देश दुसऱ्या देशांना विकासासाठी मदत करतात. आता तिला मदत म्हणायचं नाही, सहकार्य म्हणायचं. हे सहकार्य कुठे द्यावं, किती काळ द्यावं आणि कधी काढून घ्यावं, याची धोरणं लिहिणं हे माझं काम. युरोपातल्या एका देशाच्या खात्यासाठी मी ते करते. काही वर्षं तिथे राहून केलं. मग साथीच्या काळात इकडे आले, आईचे गुडघे गेले, ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली आणि मी राहून गेले.

माडीचा जिना दुकानातच उतरतो. बाहेर पडायचं तर मोटारींच्या खोक्यांवरून पाय टाकत, "कुठं चालली?" ला उत्तर देत पडायचं. वर बसायचं तर पडद्यावरच्या माणसांत बसायचं, जिथे मी 'आमची भारतातली सहकारी' असते. सेलूत मी फारेनची आणि फारेनात मी सेलूची. मला कोंडल्यासारखं होतं, हे मी एकदा आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "मंग खिडकी उघड."

आता मामी. आईचं माहेर पवनारच्या पुढे, धाम नदीच्या काठचं. गाव भाजीपाल्याचं. सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पालक, मेथी, वांगी, जे निघेल ते वर्ध्याच्या बाजारात. धाकटी मामी तिथल्या बायकांच्या गटाची अध्यक्ष. आवाज असा की वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाला ती फोन न करता बोलावते. या गटाला आमच्याच खात्याच्या सहकार्यातून एक शीतखोली मिळाली होती, सौर पॅनेलवर चालणारी, ट्रकच्या मागच्या डब्याएवढी. सकाळी तोडलेला सांभार दुपारपर्यंत माना टाकतो आणि मग दलाल म्हणेल तो भाव. शीतखोली आल्यापासून बायका माल थांबवू लागल्या. दलालाला "आज नाई देत जा" म्हणू लागल्या. मामी हे वाक्य मला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायची, इतकं तिला ते आवडलं होतं.

पण यंत्र नाजूक आणि उन्हाळा वर्ध्याचा. ऊन चढलं की ते हटकून बंद पडायचं. मग सहकार्याच्या खर्चाने ठेवलेला मेकॅनिक नागपूरहून यायचा आणि सुरू करून जायचा. तो यायचा बंद झाला तर पुढच्या मे महिन्यात त्या खोलीचं पत्र्याचं कपाट होणार, हे गटातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मलाही होतं.

त्याच सुमारास आमच्या खात्याने ठरवलं, की जे लोक आता आपल्या पायांवर उभे आहेत तिथून आपण निघायचं. कुणाचे पाय भक्कम झाले हे ओळखायचं कसं, त्याचा मसुदा माझ्याकडे आला. त्यात मी एक वाक्य घातलं ज्याचा मला फार अभिमान होता. बाहेरच्यांनी अंदाज बांधू नयेत, तिथल्या लोकांनाच विचारावं आणि ते म्हणतील ते अंतिम मानावं. गरिबाच्या डोक्यावरून निर्णय घेणारे साहेब मी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांचे हात या वाक्याने बांधले गेले म्हणून मी खुश होते. हात कुणाचे बांधले गेले ते पुढे कळलंच.

तपासणीसाठी निवडलेल्या गावांत मामीचं गाव निघालं. मी लगेच वर कळवलं, की या गटाची अध्यक्ष माझी मामी आहे. गोड उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, भाग तुमचा आहे तेव्हा पथकासोबत निरीक्षक म्हणून जरूर जा, मात्र या प्रकल्पाबद्दल आधी, नंतर किंवा तिथे, एक शब्द बोलू नका, लिहू नका, सुचवू नका. नियम बरोबरच आहे. मी त्या खुर्चीत असते तर हाच नियम केला असता, म्हणून तर संतापायचीही सोय नव्हती.

मामीचा फोन आला. "कोन कोन येऊन राह्यलं वं? खातात काय ते? तिखट चालते का त्याईले?"

"मामी, मला यावर काही बोलता येत नाही."

"काऊन? कोनी दाबून धरलं का तुले?"

मी हसून फोन ठेवला. तिने अगदी बरोबर विचारलं होतं.

पाहुणे आले त्या दिवशी गाव ओळखू येईना. मुलगी पाहायला येणार असले की आपण गळक्या कोपऱ्यावर नवी चादर टांगतो, शेजारणीच्या कपबश्या आणतो, तसंच सगळं चाललं होतं. शीतखोलीचं यंत्र आदल्या आठवड्यात पुन्हा रुसलं होतं. वर्ध्याहून कुणाला तरी आणून ते तात्पुरतं चालू केलेलं. पॅनेलवर भरवसा नको म्हणून मंडपवाल्याचा जनरेटर गोठ्यामागे लावलेला. खोली रिकामी दिसू नये म्हणून शेजारच्या वावरांतले क्रेट उसने आणून आत रचलेले. बायका एकाच रंगाच्या साड्यांत. दारात रांगोळी, टेबलावर शाली आणि नारळ, आत चुलीवर पाटोडीचा रस्सा. मी शेवटच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. गोठ्यामागची घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती. पाहुण्यांना वाटलं, शेतातला पंप असेल.

पथकाचे प्रमुख पांढऱ्या केसांचे, भला माणूस. माझ्या ऑफिसातही मला तेच वरिष्ठ. शीतखोलीत जाऊन त्यांनी हात चोळले, हसले, पालकाची जुडी नाकाशी धरली. मग सगळे मंडपात बसले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. नागपूरहून आणलेल्या दुभाषी मुलीने तो मराठीत केला. उद्या आम्ही नसलो, तर तुमचं चालेल का?

मामीने पदर सारखा केला. "न चालायले का झालं? तुमी लय केलं आमच्यासाठी. आता आमची काई चिंता नोका करू."

दुभाषी मुलीने शब्दाला शब्द सांगितला. चांगली दुभाषी होती, मेली.

मामीची जाऊ म्हणाली, "पन उन्हाळ्यात जरासं..." मामीने तिच्याकडे असं पाहिलं, की ती उठून रस्सा वाढायला गेली. प्रमुखांनी पुन्हा विचारलं, काही अडचण? काही हवंय? मामी म्हणाली, "पाहुन्यानं पोटभर जेवावं, येवढंच पाह्यजे." बायका हसल्या, पाहुणे हसले आणि लिहून घेतलं गेलं.

आमच्याकडे दारी आलेल्या माणसापुढे घरचं दुखणं काढत नाहीत. काढलं तर ते हात पसरल्यासारखं होतं. पाहुणा उठून गेला की मग तासभर आपसात रडून घेतात. हे मला ठाऊक होतं, आणि 'लोकांनाच विचारा' लिहिताना ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी त्या खुर्चीत जळत बसले. मामीचा राग आला, दुभाषीचा आला, त्या भल्या माणसाचा आला. नुसतं खोकले असते तरी प्रमुखांनी वळून पाहिलं असतं. मी खोकलेही नाही. निघताना मामी गाडीपाशी आली. गळ्यात घाम, चेहरा लेकीचं लग्न पार पडलेल्या वधूमायेसारखा. "बरं झालं ना वं?" मी मान हलवली.

त्यानंतर मी एक वाट काढून पाहिली. कुठल्याही गावाचं नाव न घेता प्रमुखांना लिहिलं, की पाहुण्यांसमोर लोक अडचण सांगत नाहीत, तेव्हा विचारण्याची पद्धतच बदलावी. त्यांचं उत्तर आलं. मुद्दा मोलाचा आहे, पण कुठल्या गावावरून सुचला? हे मला सांगता येत नव्हतं. पुढे त्यांनी सौम्यपणे लिहिलं होतं, की तुमच्याच मसुद्यात लोकांचं म्हणणं अंतिम आहे. आपण आता असं म्हणायचं का, की त्यांना स्वतःचं कळत नाही?

मी ते कितीतरी वेळा वाचलं. त्यात चूक काढता येईना. आपणच घातलेल्या कडीत आपला हात अडकावा आणि कडी किती मजबूत आहे याचं कौतुक ऐकावं लागावं, तसं झालं. खाली बाबा कुणाला तरी मोटारीची गॅरंटी समजावत होते. त्या दुपारी मी जेवले नाही.

गटाला निरोप गेला, की या हंगामानंतर सहकार्य थांबेल. शेवटच्या बैठकीत मंजुरी व्हायची तेवढी बाकी होती. त्या बैठकीच्या दुपारी मामी सेलूला आली. दुकानात बाबांशी न बोलता सरळ जिना चढली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. पलंगाच्या कडेवर बसली.

"बंद करून राह्यले म्हनते. तो नागपूरचा मेकॅनिक आता येनार नाई."

"हो."

"तुले मालूम होतं?"

"हो."

"तू तं तिथंच बसून होती वं. माह्या समोर. येक शब्द नाई काढला."

मी नियम सांगितला. नात्यातल्या माणसाने बोलायचं नसतं, बोललं तर पक्षपात होतो. तिने तो शांतपणे ऐकला. मी विचारलं, "पण मामी, तू तरी खरं का नाही सांगितलंस? त्यांनी दोनदा विचारलं."

"कोनासाठी केलं मंग ते सारं?" ती एकदम चिडली. "जनरेटर आनला, शाली आनल्या, ते का त्या बुढ्यासाठी? तुहे साहेब तुह्या मामाचं घर पाह्यले येऊन राह्यले. म्हनलं, काई कमी दिसली तं पोरीची मान खाली जाईन. म्हनून बोलली मी. तुह्यासाठी."

हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी समजत होते, की तिने पाहुण्यांची अब्रू राखली. तिने माझी राखली होती, आणि मी समोर बसून पाहत होते. मला रडू आलं. ती म्हणाली, "रडून का होते आता?" आणि तेवढ्यात लॅपटॉपवर बैठक सुरू झाल्याची घंटी वाजली.

"घे, तू तुहं काम घे," मामी म्हणाली आणि पलंगावर मागे सरकली.

पडद्यावर सगळे आले. प्रमुखांनी अहवाल उघडला तर पहिल्याच पानावर मामीचा फोटो, शीतखोलीच्या दारात, पदर डोक्यावर. ते म्हणाले, आपण निघावं तर असं, सगळीकडे असंच निघता यावं.

"मीच हाये ना ते?" मामी मागून म्हणाली. "का म्हनून राह्यले?"

मी सांगितलं. तिचा चेहरा लाल झाला. "मंग सांग ना त्याईले, खरं का हाये ते!"

"मी नाही सांगू शकत. तू सांग. तू बोल, मी जसंच्या तसं इंग्रजीत करते."

हे करणं नियमाबाहेर होतं आणि त्यात माझी नोकरी गेली असती. पण मी स्टूल ओढलं, तिला शेजारी बसवलं आणि म्हणाले, फोटोतल्या बाई इथे आहेत, त्यांना काही सांगायचं आहे. पडद्यावरचे चेहरे खुलले. कुणी हात हलवला. प्रमुखांनी, जरा वाकडेतिकडे का होईना, हात जोडले. मंजुरी अजून झाली नव्हती. मी कुजबुजले, "मामी, उन्हाळ्याचं सांग. मशीनचं सांग."

मामीने त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. एकेकाकडे पाहिलं. तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर सारखा झाला, दोन्ही हात जोडले गेले.

"जेवन झालं का सगळ्याईचं?" ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी जसंच्या तसं सांगितलं. ते हसले, मनापासून हसले. कुणी म्हणालं, हे अहवालात यायला हवं. प्रमुखांनी छातीवर हात ठेवून आभार मानले आणि विचारलं, "त्यांना आणखी काही सांगायचं आहे का?"

मी मामीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघून हसत होती आणि टेबलाखाली तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं, आता तू काही बोलू नको म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "एवढंच."