डाल्यावर वाळणारे सदरे

मुंबईची माणसं लोणावळ्याला हवा खायला येत. आमच्या ह्यांना मात्र त्याच हवेत खोकला जडला. हे रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात खोकला इतका वाढला, की डॉक्टरांनी बजावलं, रजा घ्या आणि तरीही थांबला नाही तर शेडचं काम सोडा. काम सुटलं की रेल्वेच्या चाळीतली खोलीही सुटणार. सगळ्यांनी इंजिनांच्या धुराला दोष दिला. मीही त्या काळ्या धुडांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

सासूबाई जवळच्याच बेडशे गावच्या. लेकाला ओल बाधू नये म्हणून त्यांनी पावसाळा लागताच कंबर कसली होती. गावच्या रीतीप्रमाणे पाऊस अडवायला खिडकीवर बाहेरून गवताची झड बांधली, फटींत चिंध्या कोंबल्या आणि खोलीत दिवसभर कोळशाची शेगडी पेटती ठेवली. तिच्यावर कोंबड्या झाकायचं डालं उपडं घालून त्या कपडे वाळवत. आमच्याइतके कोरडे सदरे अख्ख्या चाळीत कुणाचे नव्हते आणि हे त्या घरोघरी सांगून आल्या होत्या.

हे रजेवर घरी बसले तर खोकला दुप्पट! कंटाळून एका दुपारी शेडमधल्या दोस्तांना भेटायला गेले आणि दिवेलागणीला परतले ते हसतच.

"आई, तितं इंजिनाशेजारी बसलो, येकदाबी खोकलो न्हाई. हितं पाय ठिवला न् लागला."

"म्हंजी माझ्या शेगडीनं खोकला आला व्हय?" सासूबाई फणकारल्या. "लय शाना झालास!"

मला मात्र लख्ख पटलं. शेड दोन्ही बाजूंनी उघडी, वारा आरपार जायचा. आमच्या खोलीतल्या धुराला जायला वाटच नव्हती. पण सासूबाईंना हे सांगायची माझी काय टाप!

पुढे काही दिवस शेगडी तशीच पेटत राहिली आणि खोकलाही तसाच राहिला. मग सासूबाईंनी आपणच झड सोडली आणि शेगडी मागच्या पडवीत नेली. सदरे दमट राहू लागले, त्यांना कुबट वास येई, पण खिडकीतून समोरचा हिरवा डोंगर दिसायचा. त्या ओलसर घरात मी फार सुखी होते.

रजा संपली त्या सकाळी पडवीत चहा गाळता गाळता सासूबाई म्हणाल्या, "आजून उठला न्हाई का गं ह्यो? खोकला ऐकू आला न्हाई."

हे त्यांच्या मागेच कामाचे बूट चढवत बसले होते. सासूबाईंनी वळून पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि आम्हा दोघांसमोर ढसाढसा रडल्या.