समोरच्या घरातलं मयत

पुण्याची माणसं मला आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला पक्षपाती म्हणायला नको. आमच्या केडगावात पुणे रस्त्यावर ती गाडी थांबवतात, पेरूची फोड चाखून मग भाव पाडतात, आणि निघताना ‘तुमच्याकडे किती निवांत असतं हो’ असं म्हणून वर आमच्यावर उपकार करतात. पण माझा खरा राग पेरूवरून नाही, भागूमावशींवरून आहे.

भागूबाई माझ्या शेजारीण. मूळच्या पाथर्डीकडच्या. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्यांनी पिठाची गिरणी चालवून ओंकारला इंजिनीअर केलं. गिरणीच्या आवाजावर ओरडून ओरडून आवाज असा झालेला की त्या कुजबुजल्या तरी गल्लीला कळायचं. नळाच्या पाण्यावरून आमची कितीदा जुंपली असेल, देव जाणे. पण माझे सासरे वारले तेव्हा या बाईने गिरणी बंद केली. आम्ही ख्रिस्ती, त्या कानिफनाथाच्या भक्त. तरी दफनविधी होईपर्यंत गल्लीत त्यांनी कुणाला कुकरची शिट्टी वाजवू दिली नाही. कब्रस्तानातून परतलो तर दारात टोपलीभर भाकरी आणि पिठल्याचं पातेलं घेऊन उभ्या. ‘‘रडायचं तर जेवून रड,’’ म्हणाल्या.

गेल्या वर्षी ओंकारने हट्टच धरला. घर विकायचं आणि आईने कायमचं पुण्याला यायचं. गिऱ्हाईकही त्यानेच बघून ठेवलं. मावशी म्हणाल्या, आधी राहून बघते, मग सही करते.

तिकडे सातव्या मजल्यावर फ्लॅट. मावशींनी दार उघडं ठेवलं की सून, पूजा, ते लावून घ्यायची. लिफ्टमध्ये मावशींनी कुणाला ‘कुठं चाललात?’ विचारलं की तो मोबाईलमध्ये तोंड खुपसायचा. जणू पत्ता सांगितला तर ही म्हातारी मुक्कामाला येईल! समोरच्या फ्लॅटमधले आजोबा तेवढे बोलायचे. तेही खेड्यातून मुलाकडे आलेले. दोघांचं ज्वारीवर बोलणं चालायचं.

एका सकाळी ते आजोबा वारले. मुलगी परदेशातून यायची होती, म्हणून त्यांना काचेच्या थंड पेटीत घरातल्या हॉलमध्ये ठेवलं. मावशींनी आपल्या घरातला गॅस बंद केला आणि पूजाला बजावलं, ‘‘मयत उठंपतुर चूल पेटायची न्हाई.’’ पूजाने निमूटपणे बाहेरून जेवण मागवलं. मावशी दिवसभर उपाशी त्या पेटीजवळ बसून राहिल्या. मजल्यावरचं दुसरं कुणी टेकलं नाही. शोक मोबाईलवरच्या ग्रुपवर झाला होता ना, हात जोडलेली चित्रं टाकून.

संध्याकाळी खाली सोसायटीच्या हॉलमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता. गाणी लागली. मावशी ताडकन उठल्या, खाली गेल्या आणि स्पीकरची पिनच उपटली. गिरणीतल्या आवाजात म्हणाल्या, ‘‘वर मानूस मरून पडलंय आन् तुमी नाचताय व्हय?’’

एक बाई म्हणाली, ‘‘आंटी, आम्ही हॉल बुक केलाय.’’ दोघातिघांनी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. तेवढ्यात मयत झालेल्या आजोबांचा मुलगा खाली आला. मावशींना वाटलं, आता हा यांची चामडी सोलेल. त्याने हात जोडले. त्या नाचणाऱ्यांना! ‘‘सॉरी हं. तुमचं चालू द्या. आम्हाला काहीच प्रॉब्लेम नाही.’’

पिन परत लागली. मावशींकडून हे ऐकलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की वाटलं, आत्ता पुण्याची बस पकडावी आणि एकेकाचं थोबाड रंगवावं.

ऑफिसातून आल्याबरोबर ओंकार सोसायटीच्या चेअरमनच्या दारात गेला. मावशी मागेच उभ्या होत्या. तो म्हणाला, ‘‘आई गावाकडची आहे हो. तिला इथलं काही कळत नाही. पुन्हा असं होणार नाही.’’

दुसऱ्या दिवशी मावशी एसटीने केडगावात उतरल्या आणि थेट माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. ‘‘त्या पोराचं मला काई वाटलं न्हाई,’’ म्हणाल्या. ‘‘परक्याचं पोर ते. पन माजं पोरगं त्याच्यावानीच हात जोडून हुबं हुतं गं. म्हन्लं, उद्या त्या पेटीत मी आसन.’’ एवढी भांडखोर बाई, पदर तोंडाला लावून रडली.

रविवारी ओंकार गाडी घेऊन आला. मावशींनी गिऱ्हाईकाला परत पाठवलं होतं, त्यामुळे चिडलेला. तासभर समजावत होता. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत, मी पलीकडे कपडे वाळत घालत होते. शेवटी तो ओरडला, ‘‘तिथे मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, आई! इथे तुझं आहे कोण?’’

मावशींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. भिंतीवरून मला हाक मारली. ‘‘आराधना, मी मेले त्या दिशी गॅस पेटवशील का गं?’’

‘‘गॅस?’’ मी ओंकारकडे बघूनच बोलले. ‘‘मावशी, तो दिवस नाताळचा असला, तरी आमच्या घरात केक कापला जाणार नाही.’’

मावशी लेकाकडे वळल्या.

‘‘ही हाय,’’ म्हणाल्या.