हनुवटीचा पट्टा

नातवाने सायकलचं हेल्मेट काढून माझ्या मांडीवर टाकलं. घामाने भिजलेल्या पट्ट्याचा वास आला आणि मी पुन्हा कुवेतमधल्या फिंतासच्या वाळूत उभा राहिलो.

तेव्हा तिथे तेलाचे नवे दिवस होते. एका अमेरिकन कंत्राटदाराच्या कॅम्पात मी आणि माझा मामेभाऊ दाऊद, दोघेही रत्नागिरीकडचे, मेसमध्ये कामाला होतो. संध्याकाळी साहेब लोक खांद्यांवर जाड पॅड चढवून त्यांच्याकडचा फुटबॉल खेळत. धडक मारायचा सराव वाळूच्या पोत्यावर चाले. त्या दिवशी पोतं फाटलं, म्हणून कोचने दाऊदला उभं केलं. पॅड घातले, हेल्मेट घातलं. हनुवटीचा पट्टा मीच आवळला.

"हेड अप," कोच ओरडला.

"मान वर ठेव, समोर बघ," मी दाऊदला समजावलं.

"साहेबाच्या तोंडाकडे बघू?" तो लाजून हसला.

एक साहेब धडक मारायला धावत आला. साहेब समोर आला की नजर खाली, हे आम्ही घरूनच शिकून आलो होतो. दाऊदने मान खाली घातली. धडकेचा आवाज मला आठवत नाही, मीच आवळलेला पट्टा सोडवत होतो तेवढं आठवतं.

चुकला बिचारा, मान खाली घालून धडक घेतली की मान मोडते, असं तेव्हा सगळे म्हणाले. मीही म्हणालो. आज वाटतं, तो कुठे चुकला? त्याने अदब पाळली.

दुसऱ्या दिवशी कबरीत त्याचा चेहरा मक्केच्या दिशेला वळवताना मानेला जराही जोर लावावा लागला नाही.