पहिल्या डिशआधीचं रॉक

“लोक जेवत असताना मी गात नाही,” हेमिशनं बजावलं आणि तो खुर्चीत रेलला.

साउंडचेक, म्हणजे शोआधी माइक-स्पीकर तपासणं, नुकतंच उरकलं होतं. मी स्टेज मॅनेजर; कोण कधी स्टेजवर जाणार ते मी ठरवायचं. त्यात माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे परदेशात नोकरी करायचा परवाना, रिन्यूअलला गेलेला. शो पडला तर इथला बिशान भागातला फ्लॅट आवरून थेट पुणं!

हेमिश सत्तरीचा. ग्लासगोच्या गोदीत वेल्डिंग करता करता गायला लागला, एका गाण्यावर स्टेडियमं भरली, तीन लग्नं केली, दारू सोडली. आता कंपन्यांच्या ॲन्युअल डिनरला गायचा. तोरा मात्र स्टेडियमचाच.

मी क्लायंटच्या मिस लिमना गाठलं. “जेवण थोडं थांबवता येईल?”

“कॅनॉट लाह!” वाक्याला ‘लाह’ जोडायची इथली सवयच. “नाइन-कोर्स आहे. फिश गार होईल.”

“आणि गायक गार झाला तर?”

“त्याला कोण खाणार आहे?”

इकडे आड, तिकडे विहीर. मग सुचलं. इथे पहिली डिश वाजतगाजत येते. दिवे बंद, धूर, म्युझिक आणि वेटरांची रांग. तोवर सगळे हात बांधून बसतात.

हेमिशला म्हटलं, “आमच्याकडे पंगतीत आधी श्लोक होतो. तो संपेपर्यंत कुणी घास घेत नाही. मोठा मान असतो तो.”

“एकही घास नाही?”

“बिशाद आहे कुणाची!”

“एकच गाणं गाईन,” म्हणत तो उठला.

आणि काय गायला म्हातारा! शेवटचा सूर त्यानं डोळे मिटून धरला, तेवढ्यात स्टेजशेजारच्या दारातून वेटर आले. प्रत्येकाच्या हातात भाजलेलं अख्खं डुकराचं पिल्लू, डोळ्यांत लाल दिवे. सगळा हॉल उभा राहिला. शेकडो मोबाइल वर गेले. सगळे पिल्लांकडे वळलेले.

हेमिशनं डोळे उघडले. समोर उभा हॉल, चमकणारे मोबाइल. आत आला तेव्हा त्याचे गाल ओले होते. “पाहिलंस? किती वर्षांनी लोक असे उभे राहिले!”

मला भरून आलं. “पाहिलं ना,” म्हटलं.

पास रिन्यू झाला. मिस लिमनी पुढच्या वर्षीचं बुकिंगही दिलं. “पुढच्या वेळी लॉबस्टर.”

“आणि गायक?”

“तोच चालेल लाह.”

आमच्या धंद्यात आर्टिस्टला लाइट कुठे आहे ते जरूर सांगावं. कॅमेरे कुठे वळलेत ते त्यानं विचारलं तरी सांगू नये.