फिलोमिनाबाईंचा पाण्याचा जग

फिलोमिनाबाईंच्या खोलीत शिरलेला माणूस "दुखतंय" म्हणायच्या आत बाई म्हणत, "आधी मला पाणी दे." टेबलावर स्टीलचा जग काठोकाठ भरलेला, शेजारी पेला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला रागच आला. उजवं कोपर पेटलेलं, चहाचा कप धरवत नव्हता, आणि ही फिजिओथेरपीवाली बाई पेशंटलाच पाणी मागते! मी ओतलं. निम्मं टेबलावर सांडलं. बाई पाण्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष माझ्या मनगटावर होतं.

"शिवणकाम करतेस?"

"ब्लाउज शिवते. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या अंगठ्याने." कात्रीने पडलेल्या घट्ट्यावर त्यांनी बोट ठेवलं. "दुखतं कोपरात, पण चूक मनगटाची. मनगट वर उचलणारी दोरी कोपराच्या हाडाला बांधलेली असते. तू दिवसभर ती ओढतेस, ती तिथे झिजते."

इतकं सोपं करून मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. आधी एक इंजेक्शन झालं होतं. दोन महिने बरं वाटलं, तिसऱ्यात पुन्हा तेच. मग हाडवैद्याचं तेल. मग महिनाभर हात झोळीत. गिरगावातलं दुकान मी एकटी चालवते आणि लग्नसराई तोंडावर आलेली. हात गेला तर दुकान गेलं.

झोळीचं ऐकून बाई भडकल्या. "आराम म्हणजे कुलूप नव्हे गो! बंद दाराची कडी गंजते."

औषध काय, तर खलबत्त्यातला छोटा बत्ता. हात टेबलावर पालथा, पंजा कडेबाहेर, मुठीत बत्ता. डाव्या हाताच्या आधाराने मूठ वर न्यायची, मग आधार सोडून उजव्याने एकट्याने ती सावकाश खाली आणायची.

"दुखलं तर?"

"थोडं दुखू दे. दुसऱ्या दिवशी वाढलेलं वाटलं तर सांग, वजन कमी करू. आणि शूरपणा नको. शूर लोक माझ्याकडे परत परत येतात."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझी कात्री मागवली आणि जुनी चादर चार पदरी घालून कापायला लावली. वेळ वाचावा म्हणून मी चार-चार अस्तरं अशीच एकावर एक ठेवून कापत असे. बाई दोन मिनिटं बघत राहिल्या.

"कापड कापतेस की वैर काढतेस? दोन पदर पुरे. दुकानातलं टेबल किती उंच?"

मी छातीशी हात धरून दाखवला.

"मग पाटावर उभी राहा."

"बाई, पाट जेवायला बसायचा असतो!"

"हात गेला तर जेवशील काय?"

राहिले उभी. खांदा खाली आला, मनगट सरळ झालं. पंचवीस वर्षं मी त्या टेबलाशी भांडत होते आणि या बाईंनी दुकानाची पायरीही न चढता ते ओळखलं.

चमत्कार झाला नाही. तीन महिने लागले, लग्नसराईतली निम्मी कामं परत पाठवावी लागली. एका सकाळी कप उचलून चहा पिऊन झाल्यावर लक्षात आलं की कोपराची आठवणच झाली नाही. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं होणं म्हणतात ते हेच. आता येऊ नकोस."

त्यांची स्वतःची बोटं मुळाशी सुजलेली, एका बाजूला कललेली. एकदा मी विचारलं, आता मी तुम्हाला बत्ता सुचवू का? हसल्या. "तुझी दोरी दमली होती. माझे सांधे आतून सुजतात. वेगळं दुखणं, वेगळं औषध. सगळ्या दुखण्यांना एकच तेल लावू नये." त्याच बोटांनी त्या दिवसभर दुसऱ्यांचे हात चाचपत. कण्हताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

गेल्या वर्षी खोली बंद झाली. परवा त्यांच्या घरी गेले ते त्यांचा गाऊन द्यायला. बटणं आता त्यांच्या बोटांना लावता येत नाहीत, म्हणून ती काढून चिकटणारी वेल्क्रोची पट्टी लावली होती. बाई खुर्चीत बसलेल्या. जग टेबलावर, नेहमीसारखाच काठोकाठ.

"आलीस? आधी मला पाणी दे."

मी मनगट सरळ ठेवलं, कोपर अंगाशी घेतलं, एक थेंब न सांडता पेला भरला आणि शेरा ऐकायला थांबले. बाईंनी दोन्ही तळव्यांमध्ये पेला धरला आणि एका दमात रिकामा केला. माझ्या हाताकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांना तहान लागली होती.